१८ तासांचा अभ्यास आणि पायरीवर बसलेला मुलगा

जयंतीच्या आठवड्यात आपल्या अनेक वस्त्यांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. आमच्या विहारातही होतो. सकाळी सहाला वंदना, मग सतरंज्यांवर रांगेनं बसलेली मुलं, समोर बाबासाहेबांचा फोटो आणि रात्री बारापर्यंत वाचन. उत्तर नागपुरातला एप्रिल, वर टिनाचं छप्पर आणि दोन कूलर. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवशी सहावीतला एक मुलगा पहिल्या दीड तासात अकरा वेळा उठला. कधी पाणी प्यायला, कधी पेन्सिलीला टोक करायला, कधी कूलरमध्ये पाणी किती उरलं ते बघायला, तर कधी शेजारच्याची वही ओढायला. बाराव्या वेळी आमच्यापैकी एकानं त्याचा दंड धरला. "बाबासाहेब १८ तास बसायचे, तुला १८ मिनिटं बसवत नाही?" असं सगळ्यांसमोर सुनावून त्याला बाहेर काढलं. बाकीचे आम्ही बघत राहिलो. कुणी काही बोललं नाही. म्हणून हा गुन्हा एकाचा नाही, आम्हा सगळ्यांचा आहे.

तो घरी गेला नाही. विहाराच्या पायरीवर बसून राहिला. त्याची आई चार घरी स्वयंपाकाचं काम करते. संध्याकाळी कामावरून परतताना तिनं त्याला तिथं पाहिलं आणि ती आत आली. भांडायला आली असेल असं आम्हाला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "भाऊ, शाळेत त्याले रोजच वर्गाबाहेर उभा करतात. आता बाबासाहेबाच्या घरातूनबी काढलं, तं मंग जाईन कुठं तो?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री बारानंतर आम्ही सतरंज्या गुंडाळत बसलो आणि पहिल्यांदा त्या मुलाबद्दल नीट बोललो. आमच्या अभ्यासिकेत तो दोन वर्षांपासून येत होता. गणिताचं उत्तर तोंडी पटकन सांगायचा, पण वहीत अर्धंच उतरवायचा. भीमगीतांची कडवीच्या कडवी त्याला पाठ होती. मोबाइल उघडून दुरुस्त करायला बसला की तासभर हलायचा नाही. हे सगळं आम्हाला माहीत होतं. तरीही आमच्या तोंडी त्याच्यासाठी एकच शब्द होता, "वांड". शाळेनं दिलेला शब्द आम्ही जसाच्या तसा उचलला होता.

शाळेचा शब्द कुठून येतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. वहीत लाल शाईनं "लक्ष नाही", प्रगतिपुस्तकात "चंचल", पालकसभेत "तुमच्याकडं घरी वातावरणच नसतं ना". या शेवटच्या वाक्यात 'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं, हे आईलाही कळतं आणि मुलालाही. तेच वागणं पलीकडच्या फ्लॅट सिस्टीममधल्या मुलाचं असेल, तर त्याला समुपदेशकाकडे नेलं जातं, तपासण्या होतात, अहवाल येतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो. एकाच अडचणीला तिकडे निदान आणि इकडे जात चिकटते. पुढं दहावीला दोघांचे गुण बाजूबाजूला ठेवून त्याला 'मेरिट' म्हटलं जातं.

म्हणून आधी ही अडचण काय आहे ते स्पष्ट करून घेऊ. लक्ष टिकवण्यात, हालचाल आणि उतावळेपणा आवरण्यात सतत अडचण येणाऱ्या अवस्थेला वैद्यकशास्त्र एडीएचडी म्हणतं. मेंदूच्या वाढीशी संबंधित ही अवस्था आहे आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जगभरच्या अंदाजांनुसार शंभरात साधारण पाच मुलांना ती असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाद-दोन. ती आईच्या लाडानं येत नाही, बापाच्या दारूनं येत नाही आणि जातीनं तर अजिबात येत नाही. मुलींमध्ये ती पुष्कळदा धावपळीच्या रूपात दिसतच नाही. मुलगी खिडकीबाहेर बघत शांत बसलेली असते, कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणी विचारतही नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या अशा दोन मुली आमच्या ध्यानात फार उशिरा आल्या.

पण हेही तितक्याच जोरात सांगायला हवं, की उठणारं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. निदान करताना डॉक्टर पाहतात की लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, सहा महिन्यांहून जास्त टिकली आहेत का आणि शाळा, घर अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. फक्त एकाच मास्तरच्या तासाला मूल अस्वस्थ होत असेल, तर तपासणी मुलाची नव्हे, त्या तासाची करायला हवी. शिवाय आपल्या वस्त्यांमध्ये लक्ष उडण्याची दुसरी कारणं ढिगानं आहेत. नजर कमजोर असते आणि चष्मा नसतो. कान वाहत असतो. रक्त कमी असतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि रात्री बारापर्यंत टीव्ही, म्हणून झोप होत नाही. सकाळी मूल उपाशी येतं. घरात मारहाण असते. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम जिथं चालतं, तिथल्या शिशाचाही मुलांच्या मेंदूवर आणि लक्षावर परिणाम होतो. म्हणून आम्ही आता आधी डोळे, कान, रक्त, झोप आणि भूक बघतो. मेंदूपर्यंत नंतर येतो.

या मुलाच्या बाबतीत डोळे ठीक निघाले, रक्त कमी निघालं. सरकारी रुग्णालयात चार चकरा झाल्या. प्रत्येक चकरेला आईचा एका दिवसाचा खाडा, म्हणून नंतरच्या दोन चकरांना आमच्यातले दोघं सोबत गेले. शेवटी कळलं की लक्षाची अडचण आहे आणि त्याबरोबर लेखनाचीही आहे. घरी परतताना मुलानं विचारलं, "म्हणजे मी मठ्ठ नाही?" अकरा वर्षांच्या पोराच्या मनात हा प्रश्न किती वर्षांपासून असेल!

इथून आमचं खरं शिकणं सुरू झालं. शिक्षणशास्त्रात 'स्व-नियमन' असा एक शब्द आहे. आपलं लक्ष कुठं आहे हे ओळखणं, ते भरकटलं तर परत आणणं, राग किंवा उतावळेपणा आला तर क्षणभर थांबणं, काम टप्प्याटप्प्यानं पुरं करणं, हे सगळं त्यात येतं. हा शब्द ऐकला तेव्हा आम्हाला तो आवडला नाही. कारण 'स्वतःवर ताबा ठेव' हे वाक्य आपल्या समाजानं फार ऐकलं आहे. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमरावानं घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं आणि शिपायानं वरून पाणी ओतलं तरच प्यायचं. शिपाई नसेल तर तहान दाबून धरायची. तोही एक ताबाच होता. पण तो दुसऱ्याच्या सोयीसाठी, दुसऱ्यानं लादलेला होता. आपल्या मुलांना गप्प बसवण्याचं नवं, गोड नाव म्हणून कुणी स्व-नियमन आणत असेल, तर त्याला आपला विरोधच असला पाहिजे.

मात्र दुसराही अर्थ आहे, आणि तो आपल्या धम्माच्या जवळचा आहे. बाबासाहेबांनी बुद्धाचा जो धम्म आपल्याला दिला, त्यात मन हे केंद्रस्थानी आहे आणि मनाला वळण लावता येतं, ते ज्याचं त्यानं लावायचं असतं, हा विश्वास आहे. देव लावत नाही, गुरू छडीनं लावत नाही. या अर्थानं स्व-नियमन म्हणजे मुलाच्या हातात त्याच्या लक्षाचा लगाम देणं. फरक एवढाच आहे की लगाम कुणाच्या हातात आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी या मुलांबद्दल केलेली मांडणी आम्हाला फार उपयोगी पडली. ते सांगतात की या मुलांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही. माहीत असलेलं ऐनवेळी करता येत नाही, ही त्यांची अडचण असते. म्हणून उपदेशाचा उपयोग होत नाही. मदत त्या जागी, त्या क्षणी असावी लागते. आम्ही चळवळीतली माणसं. आम्हाला भाषणाची सवय. या मुलासमोर आम्ही तासभर बाबासाहेबांच्या कष्टांवर बोललो असतो, तर तो मान हलवत ऐकून पाचव्या मिनिटाला परत उठला असता. भाषण थांबवून आम्ही पुढच्या गोष्टी सुरू केल्या.

पहिली गोष्ट वेळेची. 'एक तास अभ्यास' हे या मुलाला दिसतच नव्हतं. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर खडूनं खूण करू लागलो. मोठा काटा इथून इथपर्यंत जाईल, तोवर ही तीन गणितं. सुरुवात दहा मिनिटांपासून केली. दहा मिनिटं काम, तीन मिनिटं उठायची मुभा. उठणं हा गुन्हा राहिला नाही, तो वेळापत्रकाचा भाग झाला. दोन महिन्यांनी दहाची पंधरा झाली, नंतर अठरा. गणितंही एका पानावर तीनच द्यायची. पान भरलेलं दिसलं की त्याचा हात थांबायचा.

दुसरी गोष्ट स्वतःची नोंद स्वतः करण्याची. अमेरिकेतल्या वर्गांत ही पद्धत चार-पाच दशकांपासून वापरात आहे. मोबाइलवर काही मिनिटांच्या अंतरानं हलकी घंटी लावायची. घंटी वाजली की मुलानं स्वतःला विचारायचं, "मी आत्ता कामात होतो का?" होतो तर बरोबरची खूण, नव्हतो तर फुली. कागद त्याचा, पेन्सिल त्याची, आम्ही फक्त बाजूला. पहिल्या आठवड्यात त्यानं सगळीकडे बरोबरच्याच खुणा केल्या. आम्ही हसलो नाही, खोटं बोलतोस असंही म्हटलं नाही. फुलीबद्दल कधीच रागावलं जात नाही, हे त्याला पटायला बारा-पंधरा दिवस लागले. मग फुल्या दिसू लागल्या. तो आमच्या दृष्टीनं मोठा दिवस होता. आजवर त्याच्यावर लक्ष ठेवायचे ते मास्तर, मॉनिटर आणि आम्ही. आता तो स्वतः ठेवू लागला.

तिसरी गोष्ट 'जर-तर'ची. "मी नीट वागेन" या निश्चयाला आकार नसतो. "जर बाजूच्यानं चिडवलं, तर मी दोन्ही हात सतरंजीवर टेकवीन आणि दादाकडे बघीन" याला आकार आहे. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञांनी एडीएचडी असलेल्या मुलांबरोबर असे जर-तरचे निश्चय करून पाहिले, तेव्हा स्वतःला रोखणं त्यांना अधिक जमलं असं दिसलं. आम्ही एका वेळी एकच जर-तर घेतो, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला. या मुलाचा पहिला निश्चय होता, "जर उत्तर तोंडावर आलं, तर आधी वहीत एक आकडा लिहीन."

चौथी गोष्ट श्वासाची. सुरुवातीला दोन मिनिटं आनापान. इथं आम्ही सावध आहोत. हे औषध नाही. काही मुलांना डोळे मिटून बसणं उलट जड जातं, त्यांना आम्ही बुद्धमूर्तीभोवती सावकाश चालायला सांगतो. जबरदस्ती केली, की ध्यानही छडीसारखंच होतं.

पाचवी गोष्ट रोजच्या चिठ्ठीची. तीनच मुद्दे: वर्गपाठ पुरा, हात वर करून बोलणं, दप्तरात सगळ्या वह्या. शाळेत बाईंनी खूण करायची, घरी आईनं. आईला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मुद्द्यांच्या जागी चित्रं काढली. तीन मुद्द्यांपैकी दोन जमले, की शनिवारी फुटबॉल.

आणि इथंच आम्ही पुन्हा चुकलो. तिसऱ्या शनिवारी मोर्चा होता. आम्ही सगळे मोर्चाला गेलो, फुटबॉल घेऊन कुणी आलंच नाही. पुढच्या आठवड्यात मुलानं चिठ्ठी फाडून टाकली. पंधरा दिवस घड्याळाकडेही बघितलं नाही. आमच्यातला एकजण वैतागून म्हणाला, "बघा, एका शनिवारचा धीर नाही याला."

तेव्हा आम्हाला एक संशोधन वाचायला मिळालं. स्टॅनफर्डमधला मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. मुलासमोर एक मिठाई ठेवायची, थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचं आणि थांबणारी मुलं पुढं आयुष्यात यशस्वी होतात असा निष्कर्ष काढायचा. पुढारलेल्या मंडळींना हा प्रयोग फार प्रिय. यश म्हणजे संयम आणि गरिबी म्हणजे संयमाचा अभाव, असा सोयीचा धडा त्यातून निघतो. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर याची फेरतपासणी झाली. घरची आर्थिक आणि शैक्षणिक परिस्थिती हिशोबात घेतल्यावर थांबणं आणि पुढचं यश यातला संबंध बराचसा विरून गेला. त्याआधी, २०१३ साली सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात मोठ्या माणसानं मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असं वचन दिलं. काहींच्या बाबतीत ते पाळलं, काहींच्या बाबतीत मोडलं. मग मार्शमॅलो ठेवला. वचन पाळलं गेलेली मुलं सरासरी सुमारे १२ मिनिटं थांबली, मोडलं गेलेली सुमारे ३ मिनिटं. म्हणजे धीर हा मुलाच्या एकट्याच्या अंगातला गुण नाही. समोरच्यावर विश्वास ठेवता येतो का, यावरही तो ठरतो.

ज्या समाजाला शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर मिळते, घरकुलाची यादी दरवर्षी बदलते, 'पुढच्या वेळी नक्की' हे आश्वासन पिढ्यान्‌पिढ्या मिळतं, त्या समाजातल्या मुलानं हातातली वस्तू लगेच खाल्ली, तर तो बेशिस्त की शहाणा? त्या शनिवारी धीर आम्ही मोडला होता, मुलानं नाही. आम्ही जाऊन त्याची माफी मागितली. तेव्हापासून नियम केला आहे: मोर्चा असो की मेळावा, शनिवारी एकजण मैदानावर असणारच.

शाळेचं काय? तिथं जाणं टाळून चालणार नव्हतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांबरोबर केलेला प्रयोग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीनं सोडवत होती. सगळ्यांसमोर जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच वयाची मुलं, तेच कोडं. बदललं फक्त वातावरण. ज्या वर्गात आपली जात कधी निघेल याचा अंदाज घेण्यात मुलाचं अर्धं लक्ष जातं, तिथं 'लक्ष नाही' असा शेरा मारण्याआधी ते कुठं खर्च होतं ते विचारलं पाहिजे.

आम्ही शाळेत गेलो तेव्हा वर्गशिक्षिका आमच्या अपेक्षेपेक्षा बऱ्या निघाल्या. साठ मुलं, दोन वर्ग एकत्र, वर निवडणुकीची कामं. त्यांचाही श्वास कोंडलेला होता. मुलाला पुढच्या बाकावर, दारापासून लांब बसवायला त्या तयार झाल्या. आम्ही अट घातली, की हे शिक्षा म्हणून जाहीर करायचं नाही. त्याला हालचाल लागते, तर मध्येमध्ये काही काम द्या, असंही आम्ही सुचवलं. आठवड्यानं मुलगा सांगायला आला, "मले काम भेटलं." कुठलं? वर्ग झाडायचं.

बाईंच्या मनात कदाचित काही नसेल. पण झाडू कुणाच्या हाती सहज जातो, हे या देशात कुणाच्या मनात असण्या-नसण्यावर थांबत नाही. आम्ही परत गेलो. भांडलो नाही, पण स्पष्ट बोललो: वह्या वाटणं, फळा पुसणं, ऑफिसात निरोप नेणं, तक्ता लावणं ही कामं चालतील. झाडू आणि संडास चालणार नाही. वर्ग झाडायचा असेल तर पाळीनं, सगळ्या मुलांनी. बाईंना ते पटलं आणि पाळी लागली. हालचालीची गरज खरी होती, उपायही खरा होता, तरी आपण सोबत नसतो तर तोच उपाय जातीच्या वाटेनं गेला असता. म्हणून बालमानसशास्त्राची पुस्तकं वाचणाऱ्या आपल्या शिक्षकमित्रांना आमची विनंती आहे, प्रत्येक उपाय आपल्या वर्गात आणताना तो कुणाच्या हातात काय देतो ते बघा.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तो वापरला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. रोज वर्गाबाहेर उभं करणं, 'मठ्ठ' म्हणणं याला त्याच चौकटीत जाब विचारता येतो. त्याच कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावं लागतं. आपल्या किती आया या समितीत आहेत, आणि किती नुसत्या सहीपुरत्या आहेत? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता आहे. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. अशा मुलांना लवकर ओळखून योग्य पद्धतीनं शिकवण्याची जबाबदारी कलम १६ शाळांवर टाकतं. एडीएचडी हे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, ही उणीव आहे आणि ती दूर करण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण बऱ्याच मुलांत दोन्ही अडचणी एकत्र असतात. तिथं प्रमाणपत्र मिळवलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी असते आणि विकासातल्या अडचणीही त्यात बघायच्या असतात. पथक शाळेत येतं तेव्हा आपला एक माणूस तिथं असावा आणि त्यानं नावं पुढं करावीत. 'दिव्यांग' शब्दाची लाज बाळगणाऱ्या पालकांना आम्ही सांगतो, सवलत ही भीक नाही. आरक्षणाबद्दल आपण जे जगाला ठणकावून सांगतो, तेच इथं आपल्या घरात सांगायचं आहे.

आमच्याच काही मित्रांनी आक्षेप घेतला. एक म्हणाले, "हे सगळे शहरी, पैसेवाल्यांचे चोचले. आपण मार खाऊनच शिकलो." आम्ही त्यांना विचारलं, तुमच्या वर्गातली किती मुलं मार खाऊन शिकली आणि किती मार खाऊन शाळेबाहेर गेली? जी गेली, ती आज नाक्यावर उभी आहेत, ती बोलायला इथं नाहीत. दुसरे म्हणाले, "उद्या शाळा आपल्या प्रत्येक मुलाला आजारी ठरवेल." ही भीती खरी आहे. त्यावरचा उपाय तपासणीपासून पळणं हा नाही, तपासणीच्या वेळी सोबत असणं हा आहे. तिसरे म्हणाले, "औषधांची सवय लागते." औषध द्यायचं की नाही, किती आणि कधी, हे तज्ज्ञ डॉक्टर आणि पालक ठरवतील. आपण ताईत बांधत नाही, तसं औषधाला घाबरतही नाही.

या सगळ्यातून मुलगा 'बरा' झाला का, असं विचारलं जातं. तो आता आठवीत आहे. आजही वही विसरतो. मागच्या महिन्यात एका मुलाशी मारामारी केली. गणितात पास आहे, मराठीच्या लेखनात अडखळतो. प्रमाणपत्राची फाइल अजून फिरते आहे. चमत्कार झाला नाही, आणि चमत्कारावर आपला विश्वासही नाही. पण वर्गाबाहेर उभं राहणं जवळजवळ थांबलं आहे, आणि तो शाळा सोडायची भाषा करत नाही.

बदल आमच्यात अधिक झाला. गेल्या जयंतीला १८ तासांचा उपक्रम आम्ही वेगळ्या रीतीनं केला. विहारात १८ तास दिवा आणि पुस्तक अखंड चालू राहिलं, पण एकट्यानं १८ तास बसायचं बंधन काढलं. ज्याला सलग बसायचं तो बसला. बाकीच्यांनी आपापल्या वेळेचे तुकडे घेतले, कुणी चाळीस मिनिटं, कुणी पंधरा. उठायला जागा ठेवली, अंगणात सावली केली. आणि दारात एक तक्ता लावला. कोण किती वेळा उठलं हे त्यावर लिहायचं नव्हतं. कोण किती वेळा परत आलं, ते ज्यानं त्यानं स्वतः लिहायचं होतं.

आमचा मुलगा त्या दिवशी सकाळी सातला आला. अठरा-अठरा मिनिटांचे तुकडे करत रात्री नऊपर्यंत होता. त्याच्या नावापुढं त्यानं स्वतःच्या वाकड्या अक्षरात आकडा लिहिला, १९. आई न्यायला आली तेव्हा तिनं तक्त्यावरच्या त्या आकड्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय होय भाऊ?"

आम्ही सांगितलं, "एवढ्या वेळा तो उठला आणि एवढ्या वेळा परत येऊन बसला."

आपापल्या विहारातल्या पायऱ्यांवर एकदा नजर टाका, साथींनो. तिथं कुणी बसलं असेल तर त्याला आत घ्या.

जय भीम!